बेडकाला न पटलेले आकडे

११ जुलै

घुम्या,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण.

पत्र मुद्दाम तुझ्या घरच्या पत्त्यावर टाकते आहे. फोनवर तू ‘हो आत्या, बघतो आत्या’ म्हणतोस आणि पुढे तुझं बघणं काही होत नाही. तुमच्या कंपनीच्या मदतकक्षाला मी सात वेळा लिहिलं. सातही वेळा मिनिटाच्या आत उत्तर आलं की माझा अभिप्राय त्यांच्यासाठी मोलाचा आहे. मिनिटात वाचून मोल ठरवणारी ही माणसं मला एकदा भेटायची आहेत.

तुमचे बारा टॅब्लेट जूनमध्ये शाळेत आले. पर्यावरणाचा तास आता त्यांच्यावरच घ्यायचा असा वरून हुकूम आहे. पडद्यावर बोट टेकवलं की झाड उगवतं, बोट ओढलं की त्याला पाणी मिळतं. पोरांनी पंधरा दिवसांत चारशे झाडं लावली. वर्गाच्या खिडकीबाहेरचं एक झाड त्याच पंधरा दिवसांत वाळलं, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. बरं, तेही सोडून देते. माझं भांडण ओढ्यावरून आहे.

नळी तुला आठवत असेलच, माझ्याच वर्गात शिकलास. हातभर उंचीची काचेची नळी, तळाशी काळी फुली. वरून डोळा लावायचा, ओढ्याचं पाणी ओतत जायचं आणि फुली दिसेनाशी झाली की थांबून पट्टीवरचा आकडा वाचायचा. पाणी स्वच्छ तितका आकडा मोठा. बावीस वर्षं माझ्या वर्गातली मुलं रोज हे करत आली आणि रजिस्टरात लिहीत आली. आपल्या ओढ्याचा आकडा पंचेचाळीसच्या आसपास असतो. गेल्या मंगळवारी अकरा आला.

मोजला सातवीतल्या एका मुलीने. जाड चष्म्यामुळे वर्ग तिला ‘दुर्बीण’ म्हणतो. तिने टॅब्लेटवर अकरा लिहिले तर पडद्यावर तुमचा तो हिरवा बेडूक आला, मान हलवून म्हणाला, ‘अरेरे! मोजताना काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा!’ ती परत ओढ्यावर गेली. पुन्हा अकरा. पुन्हा अरेरे. तिसऱ्यांदा बेडकाने तिची बरोबर आकड्याबद्दल मिळालेली चांदणी कापून घेतली. दुर्बीण रडणाऱ्यातली नाही, पण तिने चष्मा काढून उगाच चार वेळा पुसला.

मुख्याध्यापक म्हणतात, एकाच गोष्टीच्या दोन नोंदी कशाला, रजिस्टर बंद करा. त्यांनी ते माझ्या हातात दिलं, घरी न्यायला, आठवण म्हणून. जशी काही मी मेलेच आहे.

हा बेडूक कोणी लिहिला, ते मला कळव. आशीर्वाद आहेतच.

आत्या

*

१९ जुलै

प्रिय आत्या,

नमस्कार. शाई फुटून आलेलं तुझं पत्र वाचलं. अक्षरावरूनच कळलं की रागात आहेस.

पहिली गोष्ट, बेडूक वाईट नाही गं. ओढ्याच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा दहाहून जास्त फरक पडला तर तो थांबवतो, एवढंच. लहान मुलं मोजणार म्हटल्यावर चुका होणार. कोणी नळी तिरकी धरतं, कोणी तळातला गाळ ढवळून पाणी भरतं. असे आकडे आत शिरले तर सगळी माहितीच नासते. हा नियम वरच्या तज्ज्ञ मंडळींनी विचार करून ठरवला आहे, माझ्यासारख्याला त्यात बोलायला जागा नसते. दुर्बिणीला सांग, नळी नीट धुऊन घे, सावलीत उभी राहून बघ. आकडा आपोआप जागेवर येईल.

दुसरी गोष्ट ऐकून तू खूश होशील. परवा आमच्या बैठकीत सगळ्या शाळांची यादी लावली होती. तुझी शाळा पहिली! गेल्या तीन आठवड्यांत तुमच्याकडून आलेला एकही आकडा चुकीचा नाही. शंभरातले शंभर. मी सगळ्यांना सांगितलं की ही माझ्या आत्याची शाळा आहे. आमचे साहेबसुद्धा वळून बघायला लागले.

तेव्हा जरा धीर धर. नवीन वस्तूची सवय व्हायला वेळ लागतो.

तुझा,
घुम्या (हे नाव ऑफिसात कोणाला सांगू नकोस)

*

२ ऑगस्ट

घुम्या,

‘शंभरातले शंभर’ वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, शंभरातले शंभर माझ्या वर्गाला कधी कशात मिळाले आहेत? तू होतास ना त्या वर्गात? ज्या ओढ्यात मंगळवारी अकरा आला, तिथून तीन आठवडे रोज पंचेचाळीस, सत्तेचाळीस, चव्वेचाळीस? मी शोध घ्यायचं ठरवलं.

फार लांब जावं लागलं नाही. मोजणीच्या वेळी जिन्याखाली गेले. सातवीतली चार मुलं टॅब्लेट मांडीवर घेऊन मस्त बसली होती. नळी शेजारी कोरडी ठणठणीत. एक म्हणतो, ‘काल सेहेचाळीस टाकले, आज त्रेचाळीस टाक, रोज सारखं नको दिसायला.’ बेडकाला पस्तीस ते पंचावन्न चालतात, हा शोध त्यांनी पहिल्या आठवड्यातच लावला होता. मी एवढी वर्षं त्यांना सरासरी शिकवते आहे, ती कोणाला आली नव्हती. बेडकाने आठ दिवसांत शिकवली.

मी रागावले. तर दुर्बीण उभी राहून शांतपणे म्हणाली, ‘बाई, खरा आकडा लिहिला की चूक म्हणतो. खोटा लिहिला की चांदणी देतो. मग आम्ही काय करायचं?’ तुला याचं उत्तर येत असेल तर पाठव.

आता खरी काळजीची गोष्ट. ओढ्याच्या वरच्या वळणावर कपडे रंगवायची नवी शेड झाली आहे. दुपारी एकनंतर पाणी तपकिरी होतं आणि वास मारतं. दुर्बीण नळी भरायला घोट्यापर्यंत उतरली होती, तिच्या दोन्ही पायांना पुरळ उठलंय. अजून गेलेलं नाही. आणि इकडे तुमच्या त्या यादीमुळे आमच्या शाळेला ‘निर्मळ ओढा’ असं बक्षीस जाहीर झालंय! बारा सप्टेंबरला कार्यक्रम. नगर कार्यालय काठावर पायऱ्या बांधतंय. पहिली ते चौथीची पन्नास पोरं त्या पायऱ्यांवरून गुडघाभर पाण्यात उतरणार, हातात फलक घेऊन उभी राहणार आणि त्यांचे फोटो काढले जाणार. दुपारी दोन वाजता.

नगर कार्यालयात गेले. तिथले साहेब म्हणाले, ‘बाई, तुमच्याच शाळेचे आकडे आहेत, आम्ही थोडेच बनवले?’ मुख्याध्यापकांना हाताला धरून ओढ्यावर नेलं. नाकाला रुमाल लावून म्हणाले, ‘आज पाणी जरा गढूळ दिसतंय खरं, पण रेकॉर्ड बघा ना, बाई.’ समोर ओढा आणि हा माणूस रेकॉर्ड बघायला सांगतो! मी हात टेकले.

तुझे तज्ज्ञ कोण आहेत त्यांचं नाव आणि पत्ता पाठव. त्यांच्याशी मी बोलते. पोरं पाण्यात उतरायच्या आत बेडकाला गप्प करा.

आत्या

*

९ ऑगस्ट

आत्या,

तुला वाटतं तेवढं हे सोपं नाही. बेडूक एका शाळेसाठी नाही, सगळ्या शाळांसाठी आहे. काही बदलायचं तर मागणी लिहायची, ती मंजूर व्हायची, मग तपासणी, आणि नवी आवृत्ती निघणार जानेवारीत. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, आकडे चुकीचे आहेत याला पुरावा काय? न पटलेले आकडे आपल्याकडे साठवलेच जात नाहीत. बेडकाने नाकारलं की ते गेले.

आणि दर वेळी सगळं माझ्याच डोक्यावर का? मी काय ओढ्यात रंग सोडला? लहानपणीही शाळेत काही बिघडलं की सगळ्या वर्गासमोर आधी माझ्याकडे बघायचीस. तुझा भाचा म्हणून मला इतरांपेक्षा दुप्पट ओरडा. ऑफिसात बसलो तरी तेच चालू आहे.

नियम कोणी केला हे विचारत बसू नकोस, त्याने काही होणार नाही. ज्याने केला त्याने चांगल्याच हेतूने केला. मुलं घरी बसून मनाचे आकडे लिहितात, ते थांबावं म्हणूनच तो नियम होता. तू मुख्याध्यापकांना पटव. मला इथून यापेक्षा जास्त काही करता येणार नाही.

घुम्या

*

१४ ऑगस्ट

घुम्या,

दोनच ओळी.

मी जिन्याखाली म्हटलं होतं. घरी बसून कोण लिहायचं?

आत्या

*

२७ ऑगस्ट

आत्या,

दहा दिवस तुझं ते पत्र खिशात घेऊन फिरतो आहे. तीन उत्तरं लिहिली आणि फाडली. आता एकदाचं सांगून टाकतो.

वरचे तज्ज्ञ वगैरे कोणी नाहीत. बेडूक मी लिहिला. नोकरीतलं माझं पहिलं मोठं काम. चित्र दुसऱ्याने काढलं. नियम माझा, आणि ‘अरेरे’ सुद्धा माझंच. न पटलेले आकडे साठवायचे नाहीत, हेही मीच ठरवलं. कचरा कशाला जपून ठेवायचा, असं तेव्हा वाटलं होतं.

सहावीत होतो. माझी मोजणीची पाळी होती. पहिल्याच दिवशी मी काठावरून घसरलो आणि नळीसकट पाण्यात बसलो. सगळा वर्ग हसला. आत्या, तूसुद्धा हसलीस. दुसऱ्या दिवसापासून मी ओढ्यावर गेलोच नाही. शाळा सुटली की थेट घरी यायचो, पलंगावर बसून रजिस्टर उघडायचो आणि आकडा बनवायचो. बेचाळीस, त्रेचाळीस, पुन्हा बेचाळीस. आदल्या दिवसापासून फार लांब जायचं नाही, म्हणजे कोणाला संशय येत नाही, हे माझं मलाच कळलं होतं. आठ दिवस. कोणाला पत्ता लागला नाही. महिनाअखेर तू वर्गात म्हणालीस, ‘या महिन्याची नोंद छान आहे.’ तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं होतं.

मुलं खोटं लिहितात हे इथल्या एकाही माणसाला सुचलं नव्हतं. मला सुचलं, कारण मी लिहिलं होतं. म्हटलं, असा पहारेकरी बसवू की कोणाला फसवताच येणार नाही. आणि आता बघ काय करून ठेवलं. मी ज्या युक्तीने खोटं लिहायचो, नेमक्या त्याच युक्तीला बेडूक चांदणी देतो. खरं मोजणारी ती मुलगी तीनदा ओढ्यावर गेली आणि तिचीच चांदणी कापली. हे मला तुझं दोन तारखेचं पत्र वाचल्यावरच कळलं होतं. कळूनही मी तुला जानेवारीच्या गोष्टी सांगत बसलो.

आणखी एक. तुमच्या ओढ्याचा ‘नेहमीचा आकडा’ बेडकाला मी तुझ्या जुन्या रजिस्टरातून दिला. मागे घरी आलो होतो तेव्हा पानांचे फोटो काढून नेले होते, अभिमानाने. त्यात माझे ते आठ दिवसही असतील. तुझ्या बावीस वर्षांच्या रजिस्टरात आठ दिवस खोटे आहेत आणि ते माझे आहेत.

काल साहेबांसमोर सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. पण त्यांचा प्रश्न तोच: तुझ्या बालपणाचं ठीक आहे, यंदाचा पुरावा आण. रजिस्टर तर जुलैपासून बंद आहे. कुठून आणू? बारा तारीख जवळ आली आहे आणि मला काही सुचत नाही. तुला काय शिव्या द्यायच्या त्या दे.

घुम्या

*

३१ ऑगस्ट

बाळा घुम्या,

शिव्या नंतर. आधी सोबतचे कागद बघ, पाण्यापासून जप, दुसरी प्रत काढलेली नाही.

तू काय समजलास, बावीस वर्षं पोरांच्या हाती नळी देऊन मी घरी पाय पसरून बसत होते? पोरं मोजून गेली की मी रोज जाते. आपली आपण मोजते. त्यांचा आकडा शाईने, माझा महिना संपला की त्याच ओळीत समासात पेन्सिलने, बारीक. तू फोटो काढलेस ते रकान्यांचे, समास कापून. पोरांच्या चुका असतात, खोटं असतं, आळस असतो, हे शिक्षकाला कळायला बेडूक लागत नाही रे. तिरकी नळी धरली की दोन आकड्यांत चार-पाचचा फरक पडतो, मग दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या शेजारी उभं राहायचं, बस. त्यासाठीच ती पेन्सिल.

तुझे आठ दिवसही तिथेच आहेत, ते पानही पाठवते आहे. तुझे बेचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस. माझे एकतीस, अठ्ठावीस, तेहतीस. त्या आठवड्यात वरच्या अंगाला पाऊस होऊन गेला होता, पाणी गढूळ होतं. तू एकदाही बाहेर बघितलं नव्हतंस.

म्हणजे मला तेव्हाच माहीत होतं. पहिल्याच दिवशी कळलं. तरी तुला विचारलं नाही. मला वाटलं, येईल, आज सांगेल, उद्या सांगेल. ‘नोंद छान आहे’ हेसुद्धा मी तुझ्याकडे बघूनच म्हटलं होतं, तुला बोलतं करायला. एरवी सगळ्या वर्गासमोर तुला ओरडणारी मी, नेमकी तेव्हा गप्प बसले. घुम्या तुला म्हणतात, पण त्या वेळी घुमी मीच झाले. हसायलाही नको होतं मी, तू पाण्यात पडलास तेव्हा. मी तुझी वाट बघत राहिले आणि तू एकोणीस वर्षांनी थेट बेडूक करून पाठवलास.

यंदाचंही घे. रजिस्टर ‘आठवण म्हणून’ घरी दिलं, त्याची मागची पानं कोरी होती. मुख्याध्यापकांनी नोंद बंद केली, माझे पाय कोणी बंद केले नव्हते. जूनअखेरपासून आजपर्यंतचे सगळे आकडे आहेत, तारखेसकट, वेळेसकट. सकाळी चाळीस, दुपारी नऊ. सकाळी बेचाळीस, दुपारी आठ. शेड सुट्टीवर असते त्या दिवशी दुपारीही एकेचाळीस. जिन्याखालच्या प्रकारानंतर दुर्बीण माझ्याबरोबर येते, गमबूट घालून, आणि प्रत्येक ओळीवर तिची सही आहे. हे घेऊन मी नगर कार्यालयात दोनदा गेले, तिथे म्हणाले वहीतलं चालत नाही, मशीनमधलं लागतं. तुला आधी पाठवायला हवं होतं, हे मला आता कळतंय. मी तुझ्या तज्ज्ञांच्या पत्त्याची वाट बघत होते.

हा घे पुरावा. आता तुझ्या साहेबांच्या टेबलावर आपट.

आत्या

*

६ सप्टेंबर

आत्या,

आपटला.

साहेबांनी पानं उलटली, शेडच्या सुट्टीच्या दिवसांवर बोट ठेवून थांबले. मग म्हणाले, ‘ही बाई आपल्याकडे नोकरी करेल का?’ मी म्हटलं, तुम्हाला झेपणार नाही.

बेडकाचा नियम काल दुपारी काढला, सगळ्या शाळांतून. जानेवारीची वाट बघितली नाही. आता आकडा वेगळा आला तर तो एवढंच म्हणतो: ‘आज आकडा वेगळा दिसतोय. दुसऱ्या कोणाला घेऊन जा, त्यालाही मोजू दे, दोन्ही आकडे लिहा.’ दोन्ही आकडे राहतात. दुसऱ्या आकड्याचा रकाना मी पडद्याच्या समासात ठेवलाय, करड्या रंगात, बारीक. चांदणी काढून टाकली.

तुझ्या शाळेचे जुलै-ऑगस्टचे आकडे रद्द करून त्या जागी तुझे भरले आहेत. तुझी सगळी पानं या पत्रासोबत परत पाठवतो आहे. कंपनीने नगर कार्यालयाला आणि शिक्षण खात्याला पत्र दिलंय की चूक आमची होती. पत्र मीच लिहिलं, खाली माझी सही आहे. बक्षीस जाणार, आत्या. आणि माझ्या बढतीचंही काही खरं नाही. पण पोरांना पाण्यात उतरवू नका, हे मी त्यात दोनदा लिहिलंय, दुसऱ्यांदा ठळक अक्षरात. त्यांनी ऐकलं की नाही ते मात्र कळव. तिथे कोणी फोन उचलत नाही. नगर कार्यालयाला लिहिलं की मिनिटात उत्तर येतं, तुमचा अभिप्राय मोलाचा आहे.

घुम्या

*

१४ सप्टेंबर

चि. घुम्या,

मिनिटात उत्तर आलं ना? बरं झालं. आता तुला माझी सात पत्रं समजतील.

कार्यक्रम झाला नाही. म्हणजे अकरा तारखेच्या संध्याकाळपर्यंत होणार होता. मांडव उभा, खुर्च्या मांडलेल्या, ‘कंपनीचं पत्र मिळालं, पण आता निमंत्रणं गेली आहेत’ असं कार्यालयातले साहेब मला तोंडावर म्हणाले. मी म्हटलं ठीक आहे, मग तुम्हीच आधी उतरा, चप्पल काढून, दोन वाजता, मी फोटो काढते. साहेब पायऱ्यांपर्यंत आले, वाकून पाण्याकडे बघितलं आणि त्यांना एकदम दुसरं काम आठवलं. रात्रीत मांडव उतरवला. शेडवाल्याला नोटीस गेली आहे असं ऐकते. मी आपली रोज मोजते आहे, नोटिशीचा परिणाम नळीत दिसेल तेव्हा खरा.

मुख्याध्यापक माझ्याशी बोलत नाहीत. भिंतीवर बक्षिसासाठी ठोकलेला खिळा तसाच आहे, येता-जाता त्याच्याकडे बघून उसासे टाकतात.

काल दुपारी दुर्बिणीने टॅब्लेटवर नऊ लिहिले आणि डोळे मिटून घेतले. बेडूक म्हणाला, दुसऱ्या कोणाला घेऊन जा. ती जिन्याखालच्या चौघांना घेऊन गेली. त्यांचाही नऊ आला. त्यातला एक मला येऊन विचारतो, ‘बाई, एवढं घाण पाणी कधीपासून आहे?’ दोन महिने हा रोज तिथला आकडा भरत होता! दुर्बीणच म्हणाली, ‘वही बघ.’

तुझ्या बढतीचं वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, पण त्या पत्राखालची तुझी सही मला बढतीपेक्षा आवडली. कंपनीच्या पत्राची प्रत रजिस्टरातच ठेवली आहे.

आता राहिलं एकच. त्या सहावीच्या पानावर ‘मोजणाऱ्याची सही’ असा रकाना आहे, तुझ्या आठ ओळींपुढे तो कोरा आहे. आकडे लिहिलेस पण सही करायचं धाडस तुला झालं नव्हतं, आणि मीही ती मागितली नव्हती. रजा काढून ये. एक दिवस नाही, आठ दिवस. रोज दुपारी नळी घेऊन जायचं, मोजायचं, आणि एकेक ओळीपुढे आजची तारीख घालून सही करायची. या वेळी घसरलास तर मी हसणार नाही, पण दुर्बिणीची खात्री देत नाही.

गमबूट आण. आशीर्वाद देईन म्हटलं होतं, ते आठव्या दिवशी.

तुझी,
आत्या